लेखनिक

आमच्या घरात शांतता ही वस्तू पहाटे साडेपाच ते सहा एवढाच वेळ मिळते. पुढे नळाला पाणी येते. म्हणून गेले वर्षभर मी त्या अर्ध्या तासात बोलून घेतो. कोणाशी म्हणाल, तर फोनशी. नांदेडच्या वजिराबादेत खिडकीशी बसून एकट्यानेच बोलणारा पेन्शनर मास्तर पाहून दूधवाल्याने एकदा आमच्या सौ.ला हळूच विचारलेही, "सर बरे आहेत ना?"

सर बरे आहेत. सरांची बोटे बरी नाहीत. चौतीस वर्षे खडू धरलेल्या हाताच्या सांध्यांनी संप पुकारला आहे. पेन धरवत नाही, आणि फोनवरची ती मुंगीएवढी अक्षरे दाबायची म्हणजे नेम 'क'वर धरावा आणि ओ 'ख'ने द्यावी! गेल्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी तोडगा काढला. "बाबा, तुम्ही नुसते बोला, ते लिहील." गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बोलून लिहिण्याच्या आपल्या सोयीत मराठीची भर घातली, पुढे अशी साधने पुष्कळ झाली. त्यांतले कोणते माझ्या फोनात बसवले, हे मी विचारले नाही. वैद्याने पुडी दिली की घ्यावी.

पहिल्या दिवशीचा मजकूर मी जपून ठेवला आहे. गोदावरीच्या घाटावर चार ओळी सांगितल्या, तर त्यांच्या मधोमध 'अहो दूध उतू चाललंय' हे वाक्य येऊन बसले. मी वर्गातल्या सवयीने 'पूर्णविराम' म्हणे, आणि फोन इमानाने 'पूर्णविराम' हा शब्दच लिही. पण खोटे कशाला बोलू, आठवड्याभरात मी त्याच्यावर लुब्ध झालो. सांगून लिहवून घेण्यात एक थाट आहे. व्यासांना गणपती मिळाला, ज्ञानदेवांना नेवाशात सच्चिदानंदबाबा मिळाले, मला हा मिळाला. मात्र व्यासांनी गणपतीला अट घातली होती, की अर्थ कळल्यावाचून अक्षर लिहायचे नाही. तीच अट माझ्या लेखनिकाला घातली तर बिचारा जन्मभर कोराच राहील. तो कानावर पडलेल्या आवाजाचे तुकडे करतो, आणि असंख्य लोकांच्या बोलण्या-लिहिण्यातून त्याला शिकवलेल्या शब्दांपैकी इथे कोणता बसेल याचा अंदाज बांधतो. पुष्कळजण जसे बोलतात ते त्याला चटकन उमगते. थोडेजण बोलतात तिथे तो अडखळतो.

हे मला लातूरला कळले. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे गंजगोलाईपाशी राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या आठवणी तिच्याच तोंडून उतरवून घ्याव्यात असे फार दिवस मनात होते. हात चालेनात म्हणून राहिले होते. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने गेलो आणि फोन तिच्यापुढे पाटावर ठेवला.

१९९३ साली अक्का औशाच्या बाजूला एका खेड्यात नांदत होती. ३० सप्टेंबरच्या त्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल ती आजवर आमच्यापाशी बोलली नव्हती. गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली, पहाटेचा चारचा सुमार, दगडमातीच्या जाड भिंती. अक्काला जाग आली आणि ती दाजींना म्हणाली, "अहो उठा, घर हलूलालंय."

एवढे सांगून ती थांबली. दाजी त्या घरातून बाहेर आले नाहीत, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

मी फोनकडे पाहिले. त्यावर लिहिले होते : 'अहो उठा, घर हलू लागले आहे.'

कसे निर्दोष मराठी! आकाशवाणीवर वाचावे असे. मी अक्काला तेच पुन्हा म्हणायला लावले. निर्दयपणाच तो, पण लावले. या खेपेला 'हलू लागलंय' आले. म्हटले, "अक्का, जरा सावकाश म्हण."

"आनखी किती सावकाश? तू लिहून घेऊलालास का मला शिकवूलालास?"

मी काय बोलणार? चौतीस वर्षे दुसरे केले काय? नांदेडच्या पोराने निबंधात 'मी शाळेला जायलो' लिहिले, की खाली लाल रेघ आणि वर 'जात आहे'. लातूरकडून आलेला कोणी 'आम्ही येऊलालाव' म्हणाला, की वर्गाला हसायची मुभा. असा एक मुलगा पुढे वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडीना. तो हुशार होता. या यंत्राने माझ्याच तपासलेल्या वह्यांवरून धडे घेतले असावेत, असे मला वाटू लागले.

अक्काने माझ्यासाठी पुस्तकी बोलूनही पाहिले. दोन वाक्ये झाली आणि ती गप्प बसली. "असं बोललं की ते दुसऱ्याच कुनाचं वाटूलालंय रे," म्हणाली.

मग लिहिणे बंद केले आणि फोनात नुसता तिचा आवाज भरून घेतला. ती रात्री उशिरापर्यंत बोलत होती.

नांदेडला परतल्यावर ते ऐकत ऐकत मी स्वतः लिहायला बसलो. वाकड्या बोटाने 'लागले आहे' पुसले, एकेक अक्षर हुडकून 'हलूलालंय' लिहिले. त्याखाली फोनने ताबडतोब लाल रेघ ओढली. ती कशी घालवायची ते मला येत नाही, आणि चिरंजीवांना मी विचारलेले नाही. दिवसाला पाच-सहा ओळी होतात. त्यापुढे बोट ठणकते. अक्काचे बोलणे अजून पुष्कळ शिल्लक आहे.