कायम

आमच्या घराण्यात ‘कायम’ हा शब्द देवाच्या खालोखाल मानला जातो. मुलीला स्थळ सांगून आले की मुलाचा पगार नंतर, पहिला प्रश्न, “नोकरी कायम आहे ना?” १९८५ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने मला कायम केले, तेव्हा वडिलांनी डोंबिवलीच्या आमच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. ते पत्र मी दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवीत असे.

त्यामुळे गेल्या वर्षी लेकीने पवईच्या आय. आय. टी.तल्या जैव-अभियांत्रिकीच्या एका प्रयोगशाळेची जाहिरात पुढे धरली, तेव्हा माझा चष्मा नेमका नको त्या ओळीवर थांबला. संशोधन साहाय्याचे पद, दरमहा ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. पण ‘पूर्णपणे तात्पुरते’! मुदत एक वर्ष.

“एवढी गेटची परीक्षा पास झालीस, ती यासाठी?”

“बाबा, ती पास झाले म्हणून तर अर्ज करता येतो.”

मग तिनेच समजावले. अशा ठिकाणी पैसा येतो तो एकेका प्रकल्पासाठी, मोजक्या वर्षांपुरता. प्रकल्प संपला की पद संपले. मुलाखत झाली, निवड झाली. मी पेढे आणले, पण पाव किलोच.

रात्री जेवताना ती प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगू लागली. माणसाच्या पेशी एका कपाटात ३७ अंशांवर ठेवायच्या, त्यांना गुलाबी रंगाचे पोषक द्रव घालायचे. ते पिवळे पडू लागले की बदलायचे. “पगारही सदतीस, उष्णताही सदतीस,” मी म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, त्यांतल्या काही पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन बाईच्या आहेत. १९५१ साली तिच्या गाठीतून काढलेल्या. बाई त्याच वर्षी गेली. पेशी मात्र अजून जगभर वाढताहेत.

“म्हणजे पेशींना कायम केले, आणि तुला नाही!”

यावर आमची ही इतकी हसली, की तिला ठसका लागला. लेक मात्र गंभीर झाली. रक्ताच्या काही कर्करोगांवरचा नेक्सकार-१९ हा उपचार पवईत आणि टाटा रुग्णालयात घडला, २०२३ साली मंजूर झाला, असे ती सांगू लागली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, रोग ओळखायला शिकवायच्या आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या. “कुणीतरी रोज त्यांना सांभाळल्याशिवाय हे होत नाही, बाबा.”

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती सकाळीच निघाली. पेशींना दिवाळी कळत नाही. गाडीला गर्दी नव्हती, म्हणून मी ठाण्यापर्यंत सोबत गेलो. तिथे ती कांजुरमार्गला जाणाऱ्या धीम्या गाडीत चढली, आणि मी, का कोण जाणे, रिक्षा करून वागळे इस्टेटला गेलो. माझ्या कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत आहे. २००३ साली याच फाटकावर कारखाना बंद झाल्याचा कागद लागला होता. माझ्या कायमचे वय तेव्हा १८ वर्षे होते. तेव्हापासून ते पत्र कपाटाच्या तळाशी आहे. लेकीला मी ही गोष्ट कधी नीट सांगितली नव्हती. तिनेही कधी तोंडावर मारली नाही.

दिवेलागणीला ती परतली. हातपाय धुऊन पूजेला बसली, तो चौरंगावर तिचे नेमणूकपत्र! मीच ठेवले होते. ती काही बोलली नाही. हिने वहीला हळदकुंकू वाहिले, मग पत्राला. कुंकवाचे बोट नेमके मुदत संपायच्या तारखेवर पडले. ती आता वाचता येत नाही.

चुकून पडले की मुद्दाम, हे मी अजून विचारलेले नाही.