पुस्तकात लिहू नये

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे एक पाटी आहे : ‘पुस्तकात पेनाने वा पेन्सिलीने काहीही लिहू नये.’ अक्षर माझं. नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिली, नंतर दोनदा गिरवली. तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं वाचनालय, आणि मी तिथली निर्गम सहायक. पद ऐकायला भारदस्त वाटतं. काम एवढंच, की पुस्तक द्यायचं, घ्यायचं आणि परत आलेल्या पुस्तकात कुणी समासात ‘वा!’ म्हटलंय, कुणी सासूच्या चित्राला मिशा काढल्यात, ते हुडकून खोडायचं. एक खोडरबर मला दोन महिने जातं.

त्यामुळे २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे माझी पंचाईत झाली. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने पडद्यावर मराठी विकिपीडियाचं एक पान उघडलं आणि म्हणाला, “मॅडम, आता ‘संपादन’वर टिचकी मारा आणि काहीही बदला.” काहीही? दुसऱ्याच्या लिखाणात? बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी पोरांना दटावलं, तीच मला करायला सांगत होता. माझा हात माऊसवर तसाच राहिला.

त्याने मग मला ‘धूळपाटी’ दाखवली. कच्चं लिहून बघायची तिथली जागा. हे नाव ज्याने कुणी ठेवलं, त्याला माझा नमस्कार. माझी आजी धूळपाटीवर अक्षरं शिकली होती. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने ‘ग’ काढायचा, तळहाताने पुसायचा. चर्चेच्या जागेला तिथे ‘चावडी’ म्हणतात, हेही कळलं. धूळपाटी आहे, चावडी आहे, म्हणजे गाव ओळखीचं निघालं. मी धूळपाटीवर आमच्या गावाचं नाव लिहिलं, जतन केलं, पुन्हा पुसलं. पहिल्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी वेगळंच दुखणं निघालं. आमच्या सहा हजार पुस्तकांची यादी मी दोन वर्षं खपून श्रीलिपीत टाइप केली होती. ती पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते, जरा मिरवायलाच म्हणा ना. तिथल्या संगणकावर ती उघडली आणि ‘मृत्युंजय’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची भेळ दिसली. त्या मुलाने समजावलं, की श्रीलिपीतला आपला ‘क’ आतून ‘क’ नसतोच. आत भलतंच चिन्ह असतं, फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. ज्या संगणकावर तो मुखवटा नाही, तिथे खरा चेहरा दिसतो. युनिकोडमध्ये ‘क’ जगात कुठेही ‘क’च. यादी बदलून देणारं साधन त्याने दिलं, पण ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ यांतला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखा आणि यंत्राला निराळा. एका तऱ्हेने शोधलं की दुसऱ्या तऱ्हेचं पुस्तक सापडत नाही. कपाटात पुस्तक आहे आणि यादी म्हणते नाही! हे निस्तरायला मला पुढे चार महिने लागले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, अजून राग येतो.

मला खरं वेड लावलं ते विकिस्रोताने. हक्क संपलेली जुनी पुस्तकं तिथे पानापानाने टाइप होऊन चढतात. आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ची एक जुनी प्रत आहे आणि तिची शेवटची आठ पानं मी नोकरीला लागायच्या आधीच गेलेली. शेवट काय ते नावातच सांगून टाकलंय, तरी दर वर्षी एखादा सभासद तक्रार करतोच. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयात त्याच आवृत्तीची पूर्ण प्रत निघाली. ती आणली, मोबाइलने सगळी पानं टिपली, त्यांची पीडीएफ केली आणि चढवली. कार्यवाहांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, “कुणी केस केली तर?” लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि हरिभाऊ १९१९ सालीच गेले, हे मी त्यांना सांगितलं. दुसरा, “हे अनुदानात बसतं का?” याला उत्तर नव्हतं.

काम असं : एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर. यंत्र हुशार असतं, पण जुन्या छपाईत शाई पसरली की ‘भ’चा ‘म’ करतं, ‘घ’चा ‘ध’. फोटोशी ताडून सगळं दुरुस्त करायचं. तपासलं की पान लालचं पिवळं होतं. मी शेवटच्या आठ पानांपासून सुरुवात केली, हे सांगायला नकोच. दुपारी दोन ते चार वाचनालयात चिटपाखरू नसतं, तेव्हा बसायचे. आठ दिवसांत चौदा पानं पिवळी केली.

नवव्या दिवशी उघडते तो माझ्या चौदाही पानांवर कुणीतरी हात फिरवलेला. रात्री पावणेदोनला. मी ‘आईने’ केलेलं तिथे ‘आईनें’, ‘गेले’चं परत ‘गेलें’. माझ्या चर्चापानावर निरोप होता : मूळ पुस्तकात जसं आहे तसंच ठेवावं, लेखन आजच्या नियमांनी सुधारू नये. खाली नाव, तारीख, वेळ.

मला अस्सा राग आला! न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, शाळेत आम्ही ते कधी पाहिलेही नाहीत. मी चूक कसली केली, सुधारणाच केली होती. तीन दिवस ते पान उघडलं नाही. खरं सांगायचं तर राग अनुस्वारांचा नव्हता. बावीस वर्षांत माझं काम असं ओळीओळीने कुणी तपासलं नव्हतं. वार्षिक तपासणीला साहेब येतात, ते शिल्लक मोजतात, चहा घेतात.

चौथ्या दिवशी दाखल नोंदवहीत नवी पुस्तकं चढवत होते. एक किंमत चुकली. सवयीने तांबड्या शाईची एक रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा, खाली सही. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे आणि ते कुणी दुरुस्त केलं तेही. पुस्तक रद्द झालं तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. आणि एकदम डोक्यात आलं, विकिस्रोतावर ‘इतिहास’ म्हणून जी कळ असते ती हीच की! मी काय केलं, त्या रात्रीच्या माणसाने काय केलं, सगळं तारीखवार तिथे आहे, काही पुसलेलं नाही. मी त्याला सभासदाने पुस्तकात गिरगटणं समजत होते, ती तर नोंदवही होती. आणि मूळ प्रतीला हात लावू नये हे मला दुसऱ्याने सांगावं? संध्याकाळी मी त्यांना लिहिलं : ‘चूक मान्य. पुढील पाने मुळाबरहुकूम करते.’ चार टिल्डे दिले की सही आपोआप उमटते, तीही केली.

पिवळं पान हिरवं व्हायला दुसरा माणूस लागतो. ज्याने पिवळं केलं त्याला ते हिरवं करता येत नाही. दोन जोडी डोळे. दुसरी जोडी मला आमच्याच वाचनकक्षात मिळाली. आप्पा रोज चार पेपर वाचायला येतात. उमेदीची वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवण्यात आणि नंतर मुद्रितं तपासण्यात गेली. संगणकाला भ्यायचे, पण पडद्यावरच्या ओळीत राहिलेला ‘मिंत’ त्यांनी माझ्या खांद्यावरून पकडला आणि मग खुर्चीच ओढली. खातं उघडून दिलं. परवलीचा शब्द पेपराच्या कोपऱ्यावर लिहून तो तुकडा चष्म्याच्या घरात ठेवतात. एका बोटाने टाइप करतात. दिवसाला दोन पानं.

शेवटच्या पानांत एका ठिकाणी ‘घाट’चं ‘धाट’ झालं होतं. मला वाटलं यंत्राचा घोळ. फोटो मोठा करून पाहिला, तर छपाईतच ‘धाट’. यंत्र बरोबर होतं.

“खिळा चुकलाय,” आप्पा म्हणाले. “करा दुरुस्त.”

“नाही करता येत, आप्पा. मुळात आहे तसंच ठेवायचं.”

“ताई, शंभर वर्षांपूर्वी कुणा गड्याची चूक झाली. ती तशीच ठेवायची?”

त्यांना नियम दाखवला. त्यांनी पान हिरवं केलं, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आठही पानं हिरवी झाल्यावर मी ती जाड कागदावर छापून घेतली, आमच्या प्रतीच्या मापाने कापली आणि बाइंडरकडून खळीने बसवून आणली. पुस्तक पहिल्यांदा नेलं आप्पांनीच. आठवड्याने परत केलं. टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारखे पेपरांकडे न जाता सरळ घरी गेले.

मी पानं चाळली. नव्या पानावर ‘धाट’च्या ‘ध’वर बारीक पेन्सिलीची तिरपी रेघ होती आणि समासात मुद्रितशोधकाच्या वळणाचा, सुबक ‘घ’.

ड्रॉवर उघडला. खोडरबर होतं. पुस्तकावर परतीची तारीख टाकली, ते कपाटात नेऊन ठेवलं आणि ड्रॉवर लावला.