जॅक आणि घोडी

जुनी गाडी घ्यायला जाणारा माणूस बॉनेट उघडतो, काचा वरखाली करून पाहतो, किलोमीटरच्या आकड्याकडे संशयाने बघतो. मी आधी डिकी उघडायला लावतो आणि जॅक बाहेर काढतो. आटे कोरडे पडलेत की त्यांना ग्रीस आहे, हँडल जागेवर आहे की हरवलंय, एवढं पाहिलं की मालकाने गाडी कशी सांभाळली असेल याचा बराचसा अंदाज येतो. इंजिन धुऊनपुसून गिऱ्हाइकापुढे उभं करता येतं. जॅक पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

ही खोड अण्णांच्या फियाटपासूनची. गाडी खरं तर प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हणणारा मला कुणी भेटला नाही. अण्णांना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं. स्टेपनी मात्र ते स्वतः बदलत, आणि जॅकचं हँडल फिरवायचा मान माझा असे. शाळकरी पोराने हात फिरवावा आणि नऊशे किलोच्या आसपासची मोटार एका अंगाने उचलली जावी, याचं जे अप्रूप तेव्हा वाटायचं ते अजून पुरतं ओसरलेलं नाही. फुकट काही मिळत नाही, हेही हाताला लगेच कळायचं: ढीगभर फेरे मारावेत तेव्हा कुठे गाडी बोटभर वर यायची. हात सोडला तरी ती खाली मात्र यायची नाही. आट्यांची चढण इतकी सौम्य ठेवलेली असते की वरून वजन कितीही दाबलं तरी घर्षणामुळे स्क्रू आपण होऊन उलटा फिरत नाही. हे कारण मला कॉलेजात कळलं. तोवर जॅक इमानी आहे, एवढीच माझी समजूत होती.

तिला पहिला धक्का बसला उद्यमनगरात. शिवाजी उद्यमनगर म्हणजे फौंड्र्यांची आणि लेथवाल्यांची वस्ती. तिथल्या एका गॅरेजात अण्णा गाडी दाखवायला नेत, आणि सुट्टी असली की मी मागच्या सीटवर असेच. मिस्त्री बाटली जॅक वापरत. दांडा चारदोनदा दाबला की गाडी वर. पण वर आली रे आली की ते ओरडत, “घोडी आण!” मग पोऱ्या लोखंडी नळ्यांची, रुंद पायांची, मध्ये खीळ घालून उंची ठरवायची एक तिवई घेऊन धावायचा. ती चासीच्या भक्कम भागाखाली सरकवायची, जॅक थोडा उतरवून गाडीचं वजन तिच्यावर बसवायचं, मग मिस्त्री गाडीला खांद्याने दोन धक्के देऊन बघायचे. हे सगळं झाल्यावरच कुणी खाली आडवं व्हायचं. एकदा घोडी यायच्या आत पोऱ्या घरंगळलेला नट घ्यायला खाली वाकला, तर त्याच्या पाठीत असा धपाटा बसला की आवाज मला गाडीपलीकडे ऐकू आला. “जॅक उचलाय असतोय. धराय घोडी,” मिस्त्री म्हणाले. पोऱ्याला म्हणाले की मला, कुणास ठाऊक.

बाटली जॅकचं मूळ फार जुनं. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. त्यावर जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने 1851 मध्ये तीच युक्ती उचलून नेता येईल अशा जॅकमध्ये आणली. लहान दट्ट्यावर हाताचा जोर, मोठ्या दट्ट्यावर गाडीचं वजन, मधे तेल. मात्र एवढं सगळं वजन शेवटी एका रबरी सीलवर आणि एका चिमुकल्या व्हॉल्व्हवर तोललेलं असतं. सील झिजतं, व्हॉल्व्हच्या तोंडाशी कचऱ्याचा कण अडकतो, आणि गाडी डोळ्यांना दिसणार नाही इतकी सावकाश उतरू लागते. सावकाशच उतरेल याची तरी हमी कोण देणार? स्क्रूच्या जॅकला हा दोष नाही, पण त्याचा पाय तळहाताएवढा. गाडी जरा पुढेमागे झाली की तो कलंडतो.

गाडी पुढेमागे का व्हावी, हँडब्रेक असतो ना, गिअर असतो ना, असं वाटणं साहजिक आहे. फियाटचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मागचं एक चाक हवेत गेलं की गिअरची पकड नावापुरती उरते, कारण डिफरन्शियल आपलं काम चोख करतं: जमिनीवरचं चाक फिरू पाहिलं, तर हवेतलं चाक उलटं फिरून त्याला वाट करून देतं. सगळी भिस्त मग हँडब्रेकच्या केबलवर, आणि जुन्या गाडीची ती केबल किती ताणलेली असते हे मी सांगायला नको. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना असते, म्हणून हीच गोष्ट त्यांचं पुढचं चाक उचलताना होते. उपाय एकच आणि तो बैलगाडीच्या काळापासूनचा: चाकाला उटी. आंबा घाटात गाडी थांबली की आई न सांगता उतरून दगड शोधू लागायची. जे चाक बदलायचं त्याच्या कर्णातल्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी. काम झाल्यावर अण्णा ते दगड पार कठड्यापलीकडे टाकून येत. ट्रकवाले नाही टाकत. घाटातल्या वळणावर अंधारात डांबरावर बसलेला असा बेवारस दगड ज्याने चुकवलाय, त्याला त्या दगडाच्या मालकाबद्दल काय वाटतं ते छापण्याजोगं नाही.

कागल तालुक्यातल्या आमच्या गावी तर जॅक नव्हताच. आबांच्या बैलगाडीला वंगण घालायचं तर दोन गडी पाठ लावून आख उचलत आणि तिसरा खाली लाकडी टेकू सारत असे. गड्यांच्या पाठी मोकळ्या झाल्यावरच आबा आखाची कुणी काढून चाक बाहेर ओढायचे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा नियम तिथे कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण उचलून धरणारी माणसंच होती आणि माणूस दमतो हे सगळ्यांना दिसत होतं. यंत्र दमताना दिसत नाही.

पुण्यात आल्यावर माझा आणि जॅकचा संबंध पंक्चरपुरता उरला. तो पुन्हा जुळवला लेकीने. अलॉय व्हील बसवल्यावर आरांमधून आतले ब्रेकचे गंजके कॅलिपर दिसतात, ते तिला सहन होईनात. “बाबा, लाल करूया,” ती म्हणाली. लाल म्हणजे ब्रेंबोसारखे. इटलीतल्या बेर्गामोजवळच्या या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे, पण आमच्या गाडीचे ब्रेक तिचे नव्हते आणि रंग दिल्याने गाडी आधीपेक्षा एक इंचही आधी थांबणार नव्हती. हे मी सांगितलं. “दिसायला,” ती म्हणाली. याला उत्तर नाही.

ट्रॉली जॅक आणला, घोड्यांची जोडी आणली. सोसायटीच्या उतारावरून गाडी सपाट काँक्रीटवर घेतली. नट जमिनीवर असतानाच किंचित सैल केले, कारण हवेतल्या चाकावर पाना लावून लटकणं म्हणजे गाडी जॅकवरून ढकलणंच. खालच्या पट्टीला दोन खाचांच्या मधे जिथे जाड पत्रा दिलेला असतो, तिथेच जॅक, मग घोडी, मग काढलेलं चाकही आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवलं. एका शेजाऱ्याने घोडीऐवजी सिमेंटचा पोकळ ब्लॉक देऊ केला. तो भिंतीत उत्तम. मोटारीचं वजन एका टोकावर आलं की तो कसलीही सूचना न देता फुटतो.

कॅलिपर उतरवायची गरज नसते. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की तो समोर येतो. ब्रेकची काळी धूळ फुंकरीने उडवायची नाही, ती फुप्फुसात जाते. मास्क लावून, ब्रेक क्लीनर मारून ओल्यानेच पुसायची, मग तारेचा ब्रश, मग परत क्लीनर. या घासण्यात दुपार गेली, आणि रंग टिकतो तो या दुपारीमुळेच. मग चिकटपट्टी. डिस्क, पॅड, पिस्टनभोवतीचं रबर, सरकत्या पिनांची रबरी टोपणं, हवा काढायचं निप्पल, होज, सगळं झाकायचं. डिस्कवर रंग म्हणजे ब्रेकच्या पकडीवर रंग. साधा ऑइलपेंट इथे चालत नाही. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं, आणि घाट उतरताना डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते. साधा रंग तपकिरी होऊन पोपडे धरतो. म्हणून उष्णता सोसणारा वेगळा रंग, आणि तोही पातळ हातांनी दोनतीनदा. ब्रेक ऑइल सांडलं तर तो रंगसुद्धा सोलून निघतो.

मागे ड्रम होते, त्यांना तिने काळा दिला. चाक जिथे टेकतं तो चेहरा मात्र मी कोरा ठेवायला लावला. तिथला रंग दबतो आणि काही दिवसांनी नट ढिले पडतात. शेवटी गाडी उतरवून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहिले. लाल रंग छान दिसला, कबूल. ती मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाली की पिवळा दिला असता तर जास्त उठून दिसला असता.

जॅकचा सगळ्यात मोठा पराक्रम पाहिला तो सांगलीत. 2019 च्या पुरानंतर आमच्या नात्यातल्या एकांनी बंगलाच उचलून घेतला. हरियाणाची माणसं आली होती. पायाजवळची भिंत थोडी थोडी फोडून त्यांनी घराखाली ओळीने स्क्रू जॅक बसवले, आणि मुकादमाच्या हाकेसरशी प्रत्येकाने आपापल्या जॅकला सारखाच वेढा द्यायचा. एकही पुढे नाही, मागे नाही, नाहीतर भिंतीला तडा. वर स्वयंपाकघरात चहा होत होता. मला मात्र खाली काय चाललंय त्यातच रस होता: घर जसजसं चढत होतं, तसतसे गवंडी जॅकच्या मधल्या फटीत विटांचं बांधकाम चढवत होते. ते भरपूर वाळल्यावर एकेक जॅक निघाला, गाडीत पडला आणि पुढच्या गावाला गेला. घर बसलंय ते विटांवर.

आता आमच्या नव्या गाडीत जॅकच नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम 2020 मध्ये झाला, आणि स्टेपनीबरोबर जॅकही गेला. शोरूममधल्या मुलाने ही सोय म्हणून सांगितली. बॅटरीसाठी जागा होते, वजन वाचतं, त्याचं चूक नव्हतं. मी घरचा ट्रॉली जॅक आणि घोड्या पार्किंगच्या कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवल्यात. सोसायटीतले लोक जॅक मागायला येतात. मी घोड्यांसकट देतो. नुसता जॅक हवा असेल तर नाही म्हणतो. याबाबतीत माझ्याबद्दल बरं बोललं जात नाही, असं कानावर आहे.