परतीची तार

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या मराठीच्या सरांच्या कपाळावर आठी पडेल. पण गेल्या हस्त नक्षत्रात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. मग लिहायचे तरी दुसरे काय?

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, रब्बीचे. काळ्या रानात मालदांडी ज्वारी. पाऊस उघडून रानाला वाफसा आला की पेरायचे. चिखल पायाला चिकटू नये आणि ढेकूळ मात्र हाताने फुटावे, असे ते मोजके दिवस. ते गेले की ओल गेली. नेमक्या त्याच दिवसांत आमचा ट्रॅक्टर सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की नुसते कट्‌कट्, आणि दिवे काजव्यासारखे मंद.

मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. अप्पांनी नवी आणली. त्यात माझ्या वसतिगृहाचे पैसे गेले. पण रान समोर असताना त्यावर कोण बोलणार? दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा कट्‌कट्. आता मिस्त्री सेल्फ बदला म्हणू लागला. तोवर रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा आणि सकाळी चौघांनी ढकलायचा. शेजारी तरी किती दिवस ढकलणार!

अशात मामा आले. ते एस.टी.च्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पिशवीतून मीटर काढून बॅटरीला लावले. १२.६ व्होल्ट.

“बघा, बॅटरी तर चांगली दाखवते,” अप्पा म्हणाले.

“दाजी, बसलेल्या बैलाची ताकद कळत नसते. जुंपू द्या की.”

मग मला म्हणाले, “पोरी, हे धर.” मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या खरवडलेल्या लोखंडावर. गियर न्यूट्रल आहे ना, हे दोनदा पाहून अप्पांनी किल्ली फिरवली. जिथे शून्याच्या आसपास आकडा हवा, तिथे २.१ आला! लाल तारेच्या बाजूला हेच केले, तर जेमतेम ०.३.

म्हणजे सेल्फला मिळायच्या व्होल्टांपैकी दोन व्होल्ट बॅटरीपासून इंजिनापर्यंतच्या त्या काळ्या पट्टीतच संपत होते. वीज लाल तारेने जाते तशी तिला इंजिनाच्या धडातून, या पट्टीवरून परतही यावे लागते. जाण्याची वाट सगळ्यांनी तपासली होती. परतीच्या वाटेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

दहावीत ओहमचा नियम मी पाच गुणांसाठी पाठ केला होता. ओहमने तो १८२७ साली मांडला. तो स्वतः शाळामास्तरच होता. त्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला. सेल्फ फिरताना साधारण २०० अँपिअर प्रवाह ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी दोन व्होल्ट गेले. गंमत अशी, की तीच पट्टी सोडवून मामांनी ओहमच्या काट्यावर मोजली, तर साध्या मीटरला काहीच खोट दिसेना. एवढा बारीक अडथळा ओझे पडल्याशिवाय दिसत नाही. नव्या बॅटरीला चार्जिंगही त्याच वाटेने मिळत होते.

दुरुस्ती म्हणाल, तर १३ नंबरचा पाना आणि काचकागद. बोल्टाखाली कोणीतरी कधीकाळी मारलेला रंग, त्यावर गंज. तो खरवडून लोखंड चकचकीत केले, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजले: ०.१५. आणि ट्रॅक्टरने एका झटक्यात धूर सोडला. अप्पा काही बोलले नाहीत. थेट पेरणी यंत्र जोडायला गेले.

वरच्या दोन एकरांची ओल मात्र तोवर उडाली होती, ती उडालीच. मीही डिसेंबरपर्यंत एस.टी.नेच कॉलेजला ये-जा केली. मीटर मामांनी आमच्याकडेच ठेवले. अप्पांनी माझ्याकडून हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून घेतले आहे: ‘सेल्फ मारताना काळी बाजू ०.१५, लाल ०.३.’ मिस्त्री आला, की ते आधी झाकण उघडून दाखवतात.