नातलगांचा रकाना

अमेरिकेच्या संघीय सरकारात संशोधकांना धोरणाचे काम शिकवणारी एक जुनी फेलोशिप ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ ही संस्था 1973 पासून चालवते. ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. निवड झाली, तरी काही खात्यांत रुजू होण्याआधी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, लागतो. तो स्वतःहून मागता येत नाही. खात्यानेच नाव पुढे करावे लागते.

मग येतो ‘एसएफ-86’ हा लांबलचक फॉर्म. दहा वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, सात वर्षांतला परदेशप्रवास, कर्ज, नशापाणी, सगळे त्यात लिहायचे. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. वरच्या दर्जाच्या क्लिअरन्ससाठी तपासनीस उमेदवाराची मुलाखत घेतात, शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांनाही भेटतात.

सर्वांत अवघड भाग नात्यांचा. पुण्यात जन्मून अमेरिकेचा नागरिक झालेल्या संशोधकाला आईवडील आणि भावंडे नोंदवावी लागतातच. भाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात असेल, तर तेही सांगावे लागते. मामा किंवा बालमित्र यांचा रकाना वेगळा. ज्यांच्याशी माया, हितसंबंध किंवा बांधिलकीचे नाते आहे आणि संपर्क टिकून आहे, असे परदेशी नागरिक तिथे लिहायचे. माया ही इथे जोखमीची बाब ठरते, आणि ते मनाला लागते. पण शत्रू माणसाला त्याच्या माणसांमार्फतच गाठतो, हा त्यामागचा विचार खोटा नाही. म्हणून निर्णयाच्या तेरा निकषांत परकीय प्रभावाचा निकष आहे, आणि नाते कोणत्या देशात, किती जवळचे, अमेरिकेत मुळे किती खोल, हेही तोलले जाते. एका नोंदीवरून नव्हे, तर अख्ख्या माणसावरून ठरवावे, असा नियमच आहे.

हा नियम नेहमी पाळला गेला नाही. अणुबॉम्ब प्रकल्पातले शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या निष्ठेबद्दल चौकशी मंडळाला शंका नव्हती. तरी 1954 मध्ये त्यांचा क्लिअरन्स परत दिला गेला नाही. तो निर्णय ऊर्जा खात्याने 2022 मध्ये रद्द ठरवला, तोवर त्यांना जाऊन पंचावन्न वर्षे झाली होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या 1953 च्या आदेशाने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या घेतल्या. 1995 च्या आदेशाने लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई केली, आणि केवळ मानसिक समुपदेशन घेतले म्हणून संशय घेऊ नये, असेही घातले. ही सुधारणा उशिराची, पण खरी आहे.

सरकारनेही उमेदवाराचा विश्वास सांभाळायला हवा. 2015 मध्ये उघड झालेल्या चोरीत अशा तपासणीतली सुमारे 2 कोटी 15 लाख लोकांची माहिती गेली. त्यांत अर्जदारांचे जोडीदारही होते, ज्यांनी स्वतः काहीच मागितले नव्हते.

क्लिअरन्स मिळाल्यावर गुप्ततेच्या करारावर सही होते. फेलोशिप संपली की गोपनीय कागदांपर्यंतचा प्रवेश थांबतो. करार मात्र पुढेही लागू राहतो.