हा शॉट कुणाच्या तोंडचा?

खुनाच्या माहितीपटाचं संकलन करताना मला रक्ताच्या फुटेजची फारशी धास्ती वाटत नाही, वाटते ती रीक्रिएशनची. धूसर उजेड, पाठमोरा माणूस, उगारलेला हात. दोन मुलाखतींच्या मधे असा चार सेकंदांचा तुकडा लावला की निकाल लागलाच. कोपऱ्यात ‘नाट्यरूपांतर’ लिहिलेलं असतं, पण ते वाचतंय कोण?

एरल मॉरिसचा ‘द थिन ब्लू लाइन’ (1988) मी अजून बघतो तो यासाठीच. नोव्हेंबर 1976, डॅलस. दिवे न लावता चाललेली गाडी रॉबर्ट वुड या पोलिसानं रात्री अडवली आणि आतून गोळ्या सुटल्या. सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसनं रँडल डेल अ‍ॅडम्सकडे बोट दाखवलं. अ‍ॅडम्सला मृत्युदंड झाला, पुढे तो जन्मठेपेवर आला.

मॉरिस हा खून पडद्यावर पुन्हा पुन्हा घडवतो आणि दर वेळी तपशील बदलतो. वुडची सहकारी गाडीबाहेर उभी होती की आतच बसून होती? तिचा मिल्कशेक हवेत उडतो, संथ गतीनं जमिनीवर सांडतो. सुंदर शॉट आहे, पण तो काहीच सिद्ध करत नाही, उलट संशय वाढवतो. प्रत्येक दृश्य कुणाच्या तरी जबानीला बांधलेलं आहे. ‘असंच घडलं’ म्हणून एकही येत नाही. (फिलिप ग्लासचं संगीत मात्र मला जरा जास्त होतं.) एवढं सांभाळूनही ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला नामांकनसुद्धा मिळालं नाही.

आणि हॅरिस जवळजवळ कबुली देतो, तेव्हा दृश्यच नाही! कॅमेरा बिघडलेला, म्हणून पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर. अ‍ॅडम्स निर्दोष असल्याची इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर हॅरिस म्हणतो, ते मलाच तर ठाऊक आहे. अ‍ॅडम्स 1989 मध्ये सुटला.

टाइमलाइनवर रीक्रिएशन आलं की मी दिग्दर्शकाला विचारतो, हा शॉट कुणाच्या तोंडचा? साक्षीदाराचा, पोलिसांचा, की आपलाच? आपला असेल तर काढू या, पडदा काळा ठेवून आवाज चालू देऊ. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अरे, लोक चॅनेल बदलतील.’ निम्म्या वेळा माझं ऐकलं जातं. उरलेल्या वेळी मी निदान मारेकऱ्याचा चेहरा तरी फ्रेमबाहेर ठेवायला लावतो, आणि त्यावरही वाद होतोच.