कुर्बानीची सुरी आणि खिशातली सळई

बकरी ईद जवळ आली की आमच्या भिंगारमध्ये घरोघरी सुऱ्या बाहेर निघतात. वर्षभर जुन्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या सुऱ्या धारवाल्याच्या चाकावर जातात, ठिणग्या उडतात आणि सुरी चकाकून परत येते. एकदा धार लावली की ईदची तयारी झाली, असे आम्हीही समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भावांनी मिळून पाथर्डी रस्त्याला, चांदबिबी महालाच्या डोंगरापलीकडे, नातेवाइकांच्या मळ्यात कुर्बानी केली. बोकड तीन आणि मोठी सुरी एकच. पहिली कुर्बानी व्यवस्थित झाली. नंतर घाईघाईत कुणीतरी त्याच सुरीने सांधे सोडवले आणि सुरी हाडाला लागली. तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या वेळी अब्बांनी ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणून सुरी चालवली, तेव्हा ती अडखळली. जे क्षणात व्हायचे त्याला वेळ लागला. फार नाही, पण आम्ही सर्वांनी तो पाहिला.

धाकटा घाबरून तिसऱ्या बोकडासमोरच दगडावर सुरी घासू लागला. अब्बांनी त्याचा हात धरला आणि विहिरीमागे नेले. “बेटा, त्याच्या डोळ्यांदेखत नको.” त्या रात्री अब्बांनी कलेजीला हात लावला नाही.

सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम वागणूक बंधनकारक केली आहे. म्हणून जबह करणाऱ्याने आपल्या सुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा, असा तिचा आशय आहे. जनावरासमोर धार लावणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खडसावल्याचेही हदीसमध्ये आले आहे. हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी कळले की ऐकणे वेगळे आणि तयारीने जाणे वेगळे.

मग नगरच्या बाजारातून आम्ही वीतभर लांबीची, खिशात मावणारी पोलादी सळई आणली. कसाई कमरेला लांब सळई लटकवतात, तिचीच ही धाकटी बहीण. ती वापरायला एका जुन्या कसाईचाचांनी शिकवले. ते म्हणाले, सुरी बोथट होते म्हणजे दर वेळी झिजतेच असे नाही. धारेची बारीक कड हाडाला, फळीला लागून एका बाजूला वळते. सळई ती वळलेली कड सरळ करते. म्हणून सळई सुरीपेक्षा कठीण पोलादाची हवी. पण धार खरोखर झिजली किंवा खांडे पडले, तर सळईने भागत नाही. तिथे दगडच लागतो. हिऱ्याची बारीक पूड बसवलेल्या सळया मिळतात, त्या मात्र धातू घासून काढतात. त्यांच्यावर हात जपून चालवावा.

पद्धत सोपी आहे. सळईचे टोक लाकडी फळीवर टेकवून ती उभी धरावी. सुरी सळईशी काटकोनात धरली, मग तो कोन निम्मा केला आणि पुन्हा निम्मा केला की हवा तो कोन मिळतो, साधारण वीस अंशांचा. मुठीकडून टोकापर्यंत हलक्या हाताने सुरी खाली ओढावी. एकदा ही बाजू, एकदा ती. दोन्हीकडून पाच-सहा वेळा पुरते. जोर लावला तर कड पुन्हा वाकते. तेल-पाणी काही नको. शेवटी सुरी कोरड्या फडक्याने पुसावी, म्हणजे लोखंडाचा कीस मांसात जात नाही. धार बोटाने तपासू नये. सुरी कागदावर चालवून पाहावी. चाकावर धार लावून घेताना पाते निळे पडू देऊ नये. निळे पडले की पोलाद तापून मऊ झाले आणि धार टिकत नाही.

धार लावणाऱ्यांना आपल्याकडे शिकलगार म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘सैकल’वरून आला, त्याचा अर्थ घासूनपुसून लख्ख करणे. लोखंडाप्रमाणे मनही गंजते आणि अल्लाहची आठवण त्याला उजळते, असे आपले वडीलधारे सांगत आले. तेही काही वर्षातून एका दिवसाचे काम नाही.

आता आमचे नियम ठरलेले आहेत. जबहची सुरी वेगळी. तिने हाड तोडायचे नाही, कातडे काढायचे नाही. प्रत्येक कुर्बानीनंतर ती धुऊन, आडोशाला जाऊन सळईवर ओढायची. हे काम धाकट्याकडे आहे. गेल्या ईदला तो विहिरीमागून सुरी पदराआड झाकावी तशी टॉवेलात झाकून घेऊन आला आणि अब्बांच्या हाती दिली. सुरी अडखळली नाही. रात्री अब्बांनी कलेजीची ताटली स्वतःहून पुढे ओढली.

यंदाच्या ईदला कुर्बानीचे सामान काढाल, तेव्हा दोराबरोबर सळईही आठवणीने घ्या.